शेजाऱ्याची म्हैस आणि माझी गाडीवाट

मी चौथीपर्यंत शिकलो. पण कुणापुढं आधी वाकायचं न्हाई, हे मला शाळेबिगर येतं.

शेजाऱ्याचं आणि माझं शेत एका बांधाला लागून. दोन वर्षांमागं त्याची म्हैस माझ्या तुरीत शिरली. मी ती सरळ गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातली. तो दंड भरून सोडवून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतातनं जाणारी माझी गाडीवाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. मी तहसीलला अर्ज दिला. त्यानं काट्या वाढवल्या. औंदा माझ्या सोयाबीनची गंजी रानातच पडून होती. मळणीयंत्र आत येईना आणि आभाळ रोज भरून यायलं होतं.

माझा धाकटा भाऊ फौजेत, सरहद्दीवर हाय. त्याचा फोन आला.

"दादा, तिकडचा एक म्हातारा मेंढ्यांमागं चुकून आमच्या हद्दीत आला. चौकशी केली, जेऊ घातलं, घोंगडी देऊन परत धाडला. तवापासून तिकडून गोळी न्हाई."

"लेका, तुमाला भित्रे समजत असतील."

"समजू द्या की. बंदूक कुठं टाकून दिलीय आमी?"

मला ते पटलं न्हाई. पण चौथ्या दिवशी सकाळी तीच म्हैस माझ्या जवारीत उभी दिसली. जवारी वीतभर, पाण्यावाचून खुरटलेली. असली कोवळी जवारी खाऊन जनावर दगावतं. हाकलून दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. घेऊन जावं आणि तिथंच मेली, तर मीच काहीतरी चारलं म्हणून गावभर होणार, आणि वाट कायमची बंद.

तरी दावं धरून तिला त्याच्या शेतातल्या आखाड्यावर, खोपीपाशी नेलं.

"कोंडवाड्याचा रस्ता इसरलास व्हय?" तो बाजेवरून उठला न्हाई.

"हिनं माझी कोवळी जवारी खाल्लीय. गुळाचं पाणी कर आधी, मग टोमणे मार."

"तूच काही घातलं नसशील कशावरून?"

"घालून तुझ्या दारात आणायला मी येडा हाय का?"

तो बाजेवरून उठला. मग गूळ आणायला आत गेला. मी म्हशीचं तोंड वर धरलं, त्यानं नळकांड्यानं पाणी पाजलं. तिच्या तोंडाला फेस आला, पाय कापायले.

"मेली तर?" तो म्हणाला.

"तर मी इथंच बसलोय."

दुपार टळेपर्यंत बसलो. उन्हं कलल्यावर म्हैस रवंथ करायली. मी दावं त्याच्या हातात दिलं आणि निघालो. त्यानं पाणीसुद्धा इचारलं न्हाई.

सकाळी पाहतो तर काट्या सरकवलेल्या, पण बैलगाडीपुरत्याच. मळणीयंत्र मावणार न्हाई, हे त्यालाही ठाऊक. माझं डोकं फिरलं. चपला घालून त्याच्याकडंच निघालो होतो, पण बांधावर थांबलो; माझाही अर्ज अजून तहसीलला तसाच पडून होता. मग एसटीनं तहसीलला गेलो आणि अर्ज मागं घेतला. परतल्यावर तसं त्याला बांधावरूनच सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वाट मोकळी होती. मळणीयंत्र आलं, सोयाबीन पाण्याआधी घरात पडलं.

काट्या त्यानं जाळल्या न्हाईत, बांधाच्या कडंला रचून ठेवल्यात. अर्जाची नक्कल माझ्याही पेटीत हाय.