दुखलं की हात वर करा

बाबांच्या कानातला मळ काढण्याआधी ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी दिवा लावून आत पाहिलं. "आजोबा, दुखलं की हात वर करा. मी लगेच थांबेन."

मध्येच बाबांचा हात वर गेला आणि बाई खरोखरच थांबल्या.

घरी मी आत न बघताच लसणाचं कोमट तेल ओतायचो. बाबांचा हात असाच वर यायचा. "जरा सोसा हो," म्हणत मी तो खाली दाबायचो. आपल्या माणसासाठी करतोय म्हटलं, की थांबायचं आपल्याला सुचतच नाही.

"तेल कुणी घातलं हो?" बाईंनी विचारलं. "पडदा सुजलाय."

"मीच," बाबा पटकन म्हणाले.

बाई पुन्हा वाकल्या, तेव्हा बाबांनी चाचपडत माझाच हात धरला.