पेन्सिलीचा शेरा

अकोल्याच्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी एक काकू मूर्तिजापूरहून पुस्तकं बदलायला यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण अक्षर ओळखायचो. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या पेन्सिलीनं शेरा लिहायच्या. रहस्यकथा असली की 'खुनी मले विसाव्या पानावरच समजला' असं लिहून खुन्याचं नावही देऊन टाकायच्या. लोक चिडायचे. मी मात्र आधी शेराच वाचायचो.

एका कौटुंबिक कादंबरीत मुलगा गोड बोलून आईची सही घेतो आणि राहतं घर विकतो. तिथं त्यांनी ठसठशीत लिहिलं होतं, 'काहीच्या काही! पोटचा पोरगा असा वागत नाही.'

मागच्या शनिवारी त्यांनी तीच कादंबरी मागितली.

"काकू, हे तर तुमी वाचलं हाय," ग्रंथपाल म्हणाला.

"मालूम हाय मले."

त्यांनी उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं, पिशवीतून खोडरबर काढला आणि शेरा खोडला. फुंकर मारून पुस्तक परत दिलं.

"माह्या कार्डावरचा पत्ता बी खोडून टाका."

"नवा कोणता लिवू?"

काकूंनी खोडरबर पिशवीत टाकला.

"अजून ठरलं नाही," त्या म्हणाल्या.