कुलूपबाईंचं नवं बटण

आमच्या ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणतात, आणि तिला ते आवडतं. मुलांच्या फोनवर पालकांची नजर राहावी म्हणून आम्ही जे ॲप बनवतो, त्यातली निम्मी बंधनं हिच्याच डोक्यातून निघालेली. मी शेजारच्या टेबलावर बसून त्यांतल्या चुका शोधतो. आमचा नियम साधा आहे: नवं बंधन आधी आपल्या घरच्या पोरांवर, मग जगावर. मला मूलबाळ नाही, त्यामुळे मी सुटलो. तिची तेरा वर्षांची लेक काही सुटली नाही.

गेल्या खेपेचं बंधन जालीम होतं. संशयास्पद मेसेज आला की आईला सूचना जाणार आणि पोरीचा फोन दिवसभर बंद. चौदा दिवसांत एकही सूचना आली नाही. बाईंनी तो कोरा अहवाल मीटिंगमध्ये असा मिरवला, जणू पोरगी शाळेत पहिली आली. मीही मान डोलावली, गाढवासारखी.

पंधराव्या दिवशी लेकीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. कोणी अनोळखी माणूस 'फोटो पाठव' म्हणून तुमच्या मुलीच्या मागे लागलाय, आणि ती आमच्या मुलीच्या फोनवरून त्याच्याशी बोलते.

बाईंनी आधी तक्रार नोंदवली, त्या माणसाला ब्लॉक केलं, मग लेकीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? माझाच फोन बंद झाला असता. चूक त्याची आणि शिक्षा मला."

हे मला ऑफिसात सांगताना कुलूपबाई ढसाढसा रडली. मलाही माझी लाज वाटली. कोऱ्या अहवालावर 'सगळं ठीक' असं मीच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते कुलूप काढून टाकलं. त्या जागी मुलांसाठी एक बटण आलं: दाबलं की आईबापांना निरोप जातो, फोन चालूच राहतो. साहेब तापले. "अहो, पालक कुलूप विकत घेतात! बटण कोण घेणार?"

"मी घेईन," ती म्हणाली.

बटण आधी लेकीच्याच फोनवर चढलं. तीन आठवडे ते कोणी दाबलं नाही. साहेब रोज खवचटपणे विचारायचे, "मग, आलं का काही?" एका दुपारी मीटिंग चालू असताना तिचा फोन वाजला. स्क्रीन मलाही दिसली: 'आई, तो दुसऱ्या नावाने आलाय. ओरडू नकोस.'

ती खुर्ची सरकवून उठली. साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं. दाराशी पोचायच्या आत तिने लेकीला फोन लावला होता.

"नाही ओरडत गं. बोल, मी ऐकतेय."