चार इंच वर गेलेली टाकी

मुहूर्त अकरा वाजून वीस मिनिटांचा होता आणि अकरा वाजले तरी इंजिनिअर साहेब माझं ऐकायला तयार नव्हते.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. शेवगाव रोडला एका साखर कारखान्याच्या स्टाफ क्वार्टर्सचं काम चाललं होतं. मी तिथे रिगिंग फोरमन होतो. रिगिंग म्हणजे जड वस्तू दोर, वायर आणि कप्प्यांनी उचलून जागेवर बसवणं. ते करणाऱ्या माणसांना खलाशी म्हणतात. आमच्या खलाशांनी समुद्र सोडा, गोदावरीत कधी होडी पाहिली नव्हती. त्यांचा म्होरक्या म्हणजे टिंडल. आमचा टिंडल कोंडीबा. नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा माणूस.

क्वार्टर्ससाठी दीड टनाची पोलादी टाकी पंचवीस फुटी टॉवरवर चढवायची होती. आजच्यासारखी क्रेन तेव्हा कुठली मिळायला! एक उंच लोखंडी पोल उभा करायचा, त्याच्या शेंड्याला कप्प्या, खाली वायर गुंडाळायला हाताने फिरवायचा विंच. पोल पडू नये म्हणून चारी बाजूंनी वायरचे ताण, आणि प्रत्येक ताण जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला बांधलेला. टाकी ज्या बाजूला लटकते, त्याच्या उलट बाजूचा ताण सगळ्यात महत्त्वाचा. तो सुटला की पोल टाकीसकट टॉवरवर. आणि टॉवरवर टाकी धरून बसवायला कोंडीबा दोन खलाशांसह उभा राहणार होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वजन आधी चार इंच उचलायचं आणि पाच मिनिटं तसंच धरायचं. काही चुकलं असेल तर ते चार इंचांवर कळतं. पंचवीस फुटांवर कळलं तर कळून उपयोग नसतो. इंजिनिअर साहेबांना नेमकी हीच पाच मिनिटं नको होती. समारंभाला आलेल्या कारखान्याच्या अध्यक्षांना नंतर नगरला मीटिंग होती. त्यांच्यासमोर टाकी नुसती लोंबकळत ठेवणं साहेबांना बरं दिसत नव्हतं. टाकी सरळ वर जायला हवी, म्हणाले, एका दमात.

मी शेवटी जोशीबुवांकडे गेलो. मुहूर्त त्यांनीच काढला होता आणि पुणतांब्याहून त्यांना खास जीपने आणलं होतं.

"बुवा, मुहूर्त साधायला टाकी किती वर जायला पाहिजे?"

बुवांनी जरा विचार केला. "जमीन सुटली की मुहूर्त साधला," म्हणाले.

अध्यक्षांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. इंजिनिअर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली होती. पण अध्यक्षांची मान एकदा डोलल्यावर त्यांना काही बोलता येईना.

माझीही एक चूक सांगून टाकतो. ताण मी सकाळी आठला स्वतः तपासले होते. नंतर साहेबांनी मला हार मोजायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला पिटाळलं, आणि मी पुन्हा तपासायला गेलो नाही. एका फोरमनला हे शोभलं नाही.

अकरा वीसला नारळ फुटला. विंच फिरला. टाकी जमिनीवरून चार इंच सुटली आणि मी हात आडवा केला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या मिनिटाला मला पोलचा शेंडा टॉवरकडे झुकल्यासारखा वाटला. मागे वळून पाहिलं तर मंडपाच्या कडेला उभी असलेली खुर्च्यांची ट्रॉली हळूहळू पुढे सरकत होती. ट्रॉलीला ट्रॅक्टर नव्हता.

मी जिवाच्या आकांताने "खाली!" म्हणून ओरडलो. खलाशांनी विंच सोडला, टाकी दणकन जमिनीवर बसली. वर कोंडीबा टॉवरच्या खांबाला मिठी मारून उभा होता. टाकी आणखी दहा फूट वर गेली असती तर त्या तिघांच्या घरी मला जावं लागलं असतं.

झालं होतं असं. मागचा ताण अध्यक्षांच्या खुर्चीसमोरून जात होता आणि फोटोत आडवा आला असता. म्हणून मंडपवाल्याने तो ओंडक्यावरून सोडून आपल्या ट्रॉलीच्या चाकाला बांधला. मी विचारलं तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "लई मजबूत गाठ मारली हुती साहेब. गाठ सुटली का बघा."

गाठ खरंच सुटली नव्हती.

पाहुण्यांना यातलं काहीच कळलं नाही. टाकी वर गेली, खाली आली, त्यांना वाटलं कार्यक्रम एवढाच. अध्यक्षांनी बुवांना विचारलं, "झालं?" बुवा म्हणाले, "झालं." मग अध्यक्षांनी जमिनीवरच्या टाकीशेजारी उभं राहून टाकी वर चढल्याबद्दल वीस मिनिटं भाषण केलं. उत्तम व्यवस्थेबद्दल मंडपवाल्याला शाल मिळाली. मला संध्याकाळी मेमो मिळाला, मान्यवरांसमोर ओरडल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी टाकी चढवायची परवानगी मागायला ऑफिसात गेलो. हेडक्लार्कने रजिस्टर पुढे केलं. त्यात टाकी चढली होती, खाली अध्यक्षांची सही होती. चढलेली टाकी पुन्हा कशी चढवणार, हा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, खिडकीतून बघा, ती काय खाली पडलीय. त्यांनी खिडकीतून पाहिलं नाही. पण माणूस भला होता. त्यांनीच अर्जाचा मजकूर सांगितला: वर बसवलेली टाकी किरकोळ दुरुस्तीसाठी खाली उतरवली असून ती पुन्हा बसवण्यास परवानगी मिळावी. तासाभरात मंजुरी आली, वर दुरुस्तीच्या तत्परतेबद्दल दोन शब्द कौतुकाचे.

तिसऱ्या दिवशी टाकी चढली. मंडप नाही, मुहूर्त नाही. चारही ताण मी हाताने ओढून पाहिले, चार इंचांवर पाच मिनिटं मोजली आणि पाऊण तासात टाकी जागेवर बसली. कोंडीबा शिडीवरून खाली आला, तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. फोरमन असल्यामुळे मारली नाही.

टॉवरच्या पायाशी कोनशिला बसवली होती. कोंडीबाला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, "काय लिवलंय, साहेब?"

मी वाचून दाखवलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सगळे संचालक, इंजिनिअर साहेब, आणि सहकार्याबद्दल मंडपवाला.

"आपलं न्हाई?"

"नाही."

कोंडीबाने हातावरची धूळ झटकली. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "परवा पोल पडला असता, तर पयलं आपलंच लिवलं असतं."