दयारामांचा अफसरी थाट

स्टील प्लांटच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत दयाराम ठवकर 'प्लांटवाले साहेब' म्हणून मिरवत. खरं तर ते प्लांटात ठेकेदाराचे हेल्पर, महिन्याला बारा हजारांवर. त्यांच्या बायकोला, सुशीलेला, हे थोतांड ठाऊक होतं. पण मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिनंही वर्षानुवर्षं साहेबीण होऊन वाण घेतलं.

मग मुलीला, मोनालीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तहसिलीत या शहाण्यानं वर्षाचे सहा लाख सांगितले! कावून? तर रांगेत मागं मंडळाचे सेक्रेटरी उभे होते. दाखला तसाच निघाला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज बाद झाला.

सुशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः खिडकीशी गेली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी बाबूवर ओरडली, "नवा दाखला करा. हेल्पर लिवा, महिन्याचे बारा हजार!"

संध्याकाळपर्यंत बातमी कॅम्पभर झाली. दयारामांनी घरी येऊन थयथयाट केला, "माह्यी इज्जत मातीत घातली तुनं!"

सुशीलेनं पोळी लाटता लाटता मानही वर केली नाही.

"थे इज्जत घेऊन कॉलेजात जा, अन् फीच्या जागी भरा," ती म्हणाली. "पावती आठवणीनं आणजा."