कोरड्या सुटाची राखण

आमचे मालक सतीश धरणाच्या दरवाज्यापाशी पाण्यात उतरून काम करतात. चाळीस फूट खाली गाळ अन् झाडोरा अडकतो, तो मोकळा करायचा. पौषात तिथलं पाणी इतकं गार की दात वाजतात. म्हणून कोरडा सूट घालतात, पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, आत थेंब जाऊ न देणारा. गळ्याला पातळ रबराची पट्टी. ती फाटली की सुटात पाणी भरतं, अन् माणसाला वर येणं मुश्कील होतं.

त्यामुळं सूट मीच सांभाळते. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवायचा, सावलीत जाड बांबूवर वाळवायचा, चेनीला मेण घासायचं, गळ्याला बिनवासाची पावडर लावायची. ज्यानं आमाला हा जुना सूट विकला त्यानं बजावलतं, तेल मात्र रबराला दाखवायचं सुद्धा न्हाई. मी ते मालकांना सांगितलं, दोर धरणाऱ्या रविराजला सांगितलं. सासऱ्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. म्हाताऱ्याला कोण काय सांगतं?

गेल्या पौषात, थंडीतल्या पहिल्याच बुडीला, मालक खाली असताना गळ्याची पट्टी फाटली. दोराला झटका बसला तसा रविराजनं एकट्यानं ओढून काढलं. मालक निळे पडलते. घरी सूट बघितला तर पट्टी चघळलेल्या गोळीसारखी चिकट झालती. तेल लागल्याबिगर रबर असं होत न्हाई.

मग माझं डोकं फिरलं. सुटाला हात लागतो फक्त चौघांचा. मालक स्वतःचा जीव घेतील का? मी का करीन? सासरे आसाराम तर बापच. राहिला कोण? पाच वर्सं हा रविराज नुसता दोर धरतो, सासऱ्यांना मामा मामा म्हणतो. दिवाळीत मला म्हणालता, "वहिनी, एकदा मी घालून बघू का?" मालक अंथरुणाला खिळले तर उतरणार कोण, हाच ना? अन् ओढून काढलं ते तरी कावून? सगळ्यांसमोर सोडून देता येत न्हाई म्हणून. एकदा शंका शिरली की माझ्या मनातून ती निघता निघत न्हाई. मालक नको म्हणत असताना मी त्याला दारातच सुनावलं, उद्यापासून येऊ नको, तुझी नियत मला कळली. त्यानं दोराचं भेंडोळं ओट्यावर ठेवलं अन् चालता झाला. चोर नसता तर चार शब्द बोलला असता, असं मी शेजारणीला सुद्धा सांगितलं.

महिन्यानं नवी पट्टी बसवून आली. सासरे चिंधी अन् करडीच्या तेलाची बाटली घेऊन माझ्यापाशी बसले. म्हणाले, खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली तेव्हा सुटाला हळदकुंकू वाहिलं अन् गळ्याला तेल पाजलं, तसंच आता पाजतो. लहानपणी ते वडलांसंगं मोटेवर असायचे. चामड्याच्या मोटेला दरसाल तेल पाजावं लागायचं, न्हाईतर तडकायची. पाण्यात जाणाऱ्या वस्तूला तेल पाजायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पोराचा गळा काचू नये म्हणून दोन बोटं जास्तच पाजलतं, असंही म्हणाले.

मी बाटली काढून घेतली. हे नवं रबर निराळं हाय, याला तेल चालत न्हाई, एवढंच म्हणाले.

सकाळच्या एसटीनं रविराजच्या गावी, नेकनूरला गेले. रविराज दुसऱ्याच्या रानात कडबा बांधत होता. मी तेलाचं सांगितलं. त्याला नवल वाटलं न्हाई.

"मालकांना वर काढलं तेव्हाच गळ्याला करडीचा वास आलता, वहिनी."

"मग मी एवढं बोलले, तरी तू गप कावून बसलास?"

"काय सांगू? मामाच्या हातून मामाचंच पोरगं मरत होतं म्हणून? म्हातारं त्याच दिवशी गेलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर तोंडाला लावून बांधावर रडले. मालकांना सांगते, शेजारणीला सांगते, पाया पडते म्हणाले. तो म्हणाला, मालकांना सांगा, शेजारणीला माझी चूक झाली म्हणा, पण मामापर्यंत जाऊ देऊ नका. अन् कामावर कधी येऊ ते विचारलं.

सोमवारी तो दोर घ्यायला दारात आला. सासरे ओट्यावरच होते. त्यांनी त्याला खालवर न्याहाळलं.

"माझ्या पोराच्या जिवावर उठलतास म्हणं बे. सुनेनं घेतलं असंल परत, मी न्हाई. माझा डोळा हाय तुझ्यावर."

मी चौकटीत उभी. तोंड उघडलं तर म्हातारा जातो, मिटलं तर हा पोळतो. रविराजनं माझ्याकडं बघितलं अन् नुसती मान हलवली, बोलू नका.

"ठेवा डोळा, मामा," तो म्हणाला, अन् दोर खांद्यावर टाकून मालकांच्या मागं निघाला.