तारेखालची अंडी

मोठ्या लाइनीच्या तारा आमच्या परसावरून गेल्या तेव्हा वाडीत सगळ्यात जास्त तोंड मी चालवलं होतं. मनोरा उभा राहिला मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याच्या रानात. आमच्या वाट्याला नुसत्या तारा, त्याही बरोबर खुराड्याच्या वरून. दमट सकाळी त्यांचा घुमल्यासारखा आवाज येतो. पण माणसाला कशाचीही सवय होते, तशी मलाही झाली. होळीनंतर तारांत वीज सोडली, चैत्रात गावची जत्रा झाली, आणि मी लाइनीला शिव्या द्यायचंही विसरले.

जत्रेनंतर महिन्याभरानं शेजारच्या थोरल्या जाऊबाईंची कोंबडी खुडूक झाली. त्यांनी रीतीप्रमाणे पाटीत भुसा घातला, वर बारा अंडी मांडली, कडेला कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवला आणि तिला बसवली. आठवड्यानं मीही माझी बसवली. त्याच आठवड्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सातवा महिना होता.

एकवीस दिवस झाले तरी जाऊबाईंच्या पाटीतून चिवचिव ऐकू येईना. चोविसाव्या दिवशी त्यांनी एक अंडं फोडलं. आत पिल्लू नाही, पिल्लाचा मागमूस नाही, नुसतं पातळ पाणी. दुसरं फोडलं, तेच. मग राहिलेली फोडली, तीही तशीच. एखाददुसरं अंडं वाया जातंच, पण बाराच्या बारा अंडी गेलेली जाऊबाईंनी जन्मात पाहिली नव्हती.

"लाइनीनं पिल्लं इरघळली गं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मालकांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, लगेच मोबाईल काढला. कुठल्याशा व्हिडिओत एक माणूस सांगत होता, की तारांभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि पक्ष्यांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होतो. तो बोलत होता कोंबड्यांबद्दल, पण ओट्यावरचे सगळे बघत होते माझ्या लेकीकडे. ती उठून आत गेली.

माझं घर तारेखाली, तिची खाट तारेखाली, आणि तिला इथं बोलावलं मी. हट्टानं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून. लेकीनं फोनवर नवऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सारोळ्याहून विहीणबाईंचा फोन आला.

"राग धरू नका, पर आमी रविवारी गाडी घेऊन येतो. पोरीला हितंच राहू दे."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी फक्त "बरं" म्हणाले. लेक जेवायची, पण बोलायची नाही. मी दिवसभर परसातच काम काढून बसायचे. माझी कोंबडी मात्र अंड्यांवरून हलायला तयार नव्हती.

रविवारी सकाळी जाऊबाईंच्या म्हशीला बघायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्याच. म्हशीचं आटोपल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढतच आमच्या घरी आणलं. त्यांनी कोंबडीच्या टोचा खात एक अंडं काढलं, खोलीचं दार लोटलं आणि मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरलं. अंडं आरपार पिवळं उजळलं. एकेक करत त्यांनी सगळी अंडी पाहिली.

"यात पिल्लू धरलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "धरून मेलं असतं तर आत लाल कडं दिसलं असतं, नाहीतर काळी गुठळी. इथं काहीच नाही. कोंबडा कुठंय तुमचा?"

"आमचा जत्रेला कापला. पण जाऊबाईंचा आहे की."

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. "आमचा कुठला? त्योबी जत्रंलाच गेला. म्या म्हटलं, तुमचा हाये."

मग चौकशी सुरू झाली. वाडीत घरं सहा. दरवर्षी जत्रेला प्रत्येक घरी कोंबडा कापतात, पण कोणी ना कोणी आपला जुना कोंबडा राखून ठेवतं. यंदा पाहुणे जास्त आले, आणि सहाही घरांनी शेजाऱ्याचा आहे म्हणून आपला कापला. दोन महिने वाडीत कोंबडा आरवला नाही आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे मोबाईलच्या गजरानं उठतो! मी तिथंच भुईवर बसले आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. असा जीव भांड्यात पडलेला मला आठवत नाही.

"मग लाइनीचं काय?" भाऊजींनी विचारलं. त्यांना त्यांचा व्हिडिओ सोडवत नव्हता.

"तारांभोवती चुंबकीय क्षेत्र असतं हे खरं. पक्ष्यांवर त्याचं काय होतं, याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यांचा दोष तारेवर कसा घालणार?" मग त्या दाराआड उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे वळल्या. "या अंड्यांत मेलं काहीच नाही, ताई. तुमच्या तपासण्या नीट आहेत ना? मग अंड्यांवरून बाळाचा हिशोब लावू नका."

लेकीनं मान हलवली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला.

दुपारी विहीणबाई गाडी घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या बघतच राहिल्या, मग खो खो हसल्या.

"म्हंजी कोंबडं तुमी खाल्लं आन् बोल तारंला?" पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लई भ्याले होते, विहीणबाई. दोन दिस घास गेला न्हाई."

"मीसुद्धा," मी म्हणाले. इतकं खरं आम्ही एकमेकींशी आधी कधी बोललो नव्हतो. मी पिठलं टाकलं, त्या भाकऱ्या थापायला बसल्या. लेकीला न्यायचा विषय त्यांनी काढलाच नाही. जाताना गाडी रिकामीच गेली.

त्यांना निरोप देऊन मी आत आले तर लेक खाटेवर बसलेली.

"आई, आता तरी हात लाव," ती म्हणाली. "आल्यापासून रोज माझ्या पोटावरनं हात फिरवायचीस. अंडी फोडल्यापासून एकदाही जवळ आली नाहीस."

मला ते कळलंसुद्धा नव्हतं. तिला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी खाली बसून तिच्या पोटावर हात ठेवला, आणि आतून चांगली सणसणीत लाथ बसली.